पुस्तकाच्या दुकानातील नोकरी : काउंटरच्या पलीकडे काय?

हिंगोली : जूनचा दुसरा पंधरवडा उजाडला की जिल्ह्यातील पुस्तकांच्या दुकानांसमोर पालकांची रीघ लागते. हातात शाळेने दिलेली यादी, सोबत कंटाळलेले मूल आणि काउंटरच्या पलीकडे घामाघूम झालेले दोन-तीन तरुण. सुतळी सोडायची, संच लावायचा, वह्या मोजायच्या, पावती फाडायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. ऑगस्ट लागला की हीच दुकाने ओस पडतात आणि त्यातील निम्मी मुले दुसऱ्या कामाच्या शोधात निघतात. पुस्तकाच्या दुकानातील नोकरी म्हणजे तीन महिन्यांची हमाली, असा समज त्यामुळे दृढ झाला आहे. तो अगदीच खोटा आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र हा व्यवसाय आतून कसा चालतो हे समजून घेतले, तर याच काउंटरवरून पुढे जाण्याच्या काही वाटा दिसू लागतात. गेल्या दोन-तीन वर्षांतील बदलांमुळे त्या वाटा काही ठिकाणी रुंदावल्या आहेत, तर काही ठिकाणी बंद झाल्या आहेत.

परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या. मोठा उद्योग नाही. बाजारपेठ चालते ती सोयाबीन आणि हळदीच्या पैशावर. पुस्तकविक्रेत्यालाही हे गणित चुकत नाही. हळदीला भाव मिळाला तर पालक पूर्ण संच घेतो, नाही मिळाला तर ‘सध्या गणित नि इंग्रजीचंच द्या’ म्हणतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील विक्रीची पद्धत येथे जशीच्या तशी उचलून चालत नाही.

पाठ्यपुस्तकांचा धंदा तर मुळातच आक्रसलेला आहे. शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पुस्तके मोफत मिळतात. ‘बालभारती’च्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. दुकानदाराकडे उरतात ती नववी ते बारावीची पुस्तके, खासगी इंग्रजी शाळांचे संच, गाईड आणि वह्या. त्यातही वह्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला. छापील पुस्तकांवर हा कर आधीपासूनच नव्हता. पेन मात्र करपात्रच राहिले. एकाच पावतीवर करमुक्त वही आणि करपात्र पेन आले की नवशिक्या कर्मचाऱ्याचा गोंधळ होतो. पालकांशी हुज्जत होते ती बहुतेकदा याच ठिकाणी. कोणत्या वस्तूवर कर आहे आणि कोणत्या नाही, याची तोंडपाठ माहिती असलेला मुलगा गर्दीच्या दिवसांत मालकाला दोन माणसांच्या ठिकाणी वाटतो.

सवलतीचे गणित

गिऱ्हाईक दुकानात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती टक्के सूट?’ हे उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या टक्क्यांचा अर्थ क्वचितच सांगितलेला असतो. उदाहरणादाखल तीनशे रुपये किमतीचे एक पुस्तक घेऊ. प्रकाशकाने विक्रेत्याला तीस टक्के सवलत दिली, तर पुस्तक दुकानाला दोनशे दहा रुपयांना पडते आणि हाती राहतात नव्वद रुपये. गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट दिली की त्यातील तीस गेले. ऐकायला दहा टक्के, पण विक्रेत्याच्या नफ्यातील तो तिसरा हिस्सा असतो. उरलेल्या साठांतून पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पार्सलचे भाडे दहा रुपये धरले, तर पन्नास शिल्लक राहतात. त्यातून दुकानाचे भाडे, वीज आणि पगार भागवायचे.

आता यातील एक प्रत विकलीच गेली नाही आणि प्रकाशक ती परत घेणार नसेल, तर अडकलेले दोनशे दहा रुपये भरून काढायला आणखी चार-पाच प्रती विकाव्या लागतात. पुस्तकाच्या दुकानाचे नुकसान गिऱ्हाईक न येण्याने जेवढे होते, तेवढेच चुकीचे पुस्तक मागविल्याने होते. म्हणूनच खरेदीचे काम मालक दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. आणि म्हणूनच, ज्या कर्मचाऱ्याचा खरेदीतील अंदाज बरोबर येऊ लागतो, त्याची किंमत वाढते.

हा अंदाज येण्यासाठी जुने विक्रेते एक साधा उपाय करीत : मागणी वही. दुकानात नसलेले जे पुस्तक गिऱ्हाइकाने मागितले त्याचे नाव, तारीख आणि शक्य झाल्यास मागणाऱ्याचा फोन क्रमांक. संगणकावरील साठ्याची नोंद जे विकले गेले ते सांगते. जे विकता आले असते, ते या वहीतच सापडते. आज बहुतेक दुकानांतून ती नाहीशी झाली आहे. प्रस्तुत प्रतिनिधीने मराठवाड्यातील एका शहरात नामदेव गाथेची चौकशी केली असता ‘ते चालत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. कोणी काही लिहून घेतले नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि आषाढी वारीनंतरच्या परतवारी एकादशीला तेथे मोठी गर्दी होते, हे ध्यानात घेतले तर ‘चालत नाही’ हा निष्कर्ष दुकानदाराने कशावरून काढला, असा प्रश्न पडतो.

नामदेवांच्या निमित्ताने आणखी एक प्रसंग आठवतो. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे झाले. नामदेवांच्या वास्तव्याने पुनीत झालेले हे गाव. मात्र तेथे मराठी पुस्तके घेणार कोण, असा सवाल करीत प्रकाशकांनी ग्रंथप्रदर्शनावर बहिष्काराची भाषा केली होती. त्यावरून त्यांच्यावर बरीच टीकाही झाली. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर त्यांचा प्रश्न रास्त होता. पुस्तकांचे खोके हजारो किलोमीटर नेऊन तसेच परत आणण्याचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो. विक्री ही अखेर माणसे कोठे जमतात आणि तेथे ती काय विकत घेतात, यावरच ठरते.

जिल्ह्याचे पंचांग, दुकानाचे पंचांग

या कसोटीवर हिंगोली जिल्हा गरीब नाही. श्रावणात आणि महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला रांगा लागतात. त्या दिवसांत शिवलीलामृत आणि स्तोत्रांच्या पुस्तिका विकल्या जातात. मार्गशीर्षात गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताची पोथी आणि दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी गुरुचरित्र. हिंगोलीचा दसरा महोत्सव प्रसिद्ध आहे आणि त्याच सुमारास दिवाळी अंक व नव्या वर्षाच्या दिनदर्शिका यायला सुरुवात होते. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती. नागपूरची दीक्षाभूमी आणि मुंबईची चैत्यभूमी येथे लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांवर जी झुंबड उडते, ती पाहिलेल्या कोणालाही ‘लोक वाचत नाहीत’ हे वाक्य उच्चारताना थोडे थांबावे लागेल. आपल्या जिल्ह्यातही जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावर चार टेबले मांडण्याइतका वाचक निश्चित आहे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळा-महाविद्यालयांतून साजरा होतो. त्या दिवशी प्रदर्शनासाठी जागा मिळवायची असेल तर मुख्याध्यापकांना पंधरा दिवस आधी भेटावे लागते. शासनातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत भरणारा ग्रंथोत्सवही याच मालिकेत येतो.

प्रदर्शनांतून पुस्तक वाचकापर्यंत नेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ वाचक चळवळीने गावोगाव ग्रंथयात्रा काढून हेच केले. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके याच संस्थेने काढली. शहरी दुकानाच्या कपाटावर विसंबून न राहता या चळवळीने आपला वाचक स्वतः जाऊन शोधला.

‘सर, नवीन पॅटर्नचं काय आलंय?’

हिंगोलीतील पुस्तकविक्रीचा खरा कणा सध्या स्पर्धा परीक्षा हा आहे. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे आणि पहाटे मैदानावर धावणारी मुले दुपारी अभ्यासिकेत बसलेली दिसतात. पोलीस भरती, तलाठी, शिक्षक पात्रता आणि त्यांच्या वरच्या पायरीवर राज्यसेवा. हे गिऱ्हाईक गरजू असते, चौकस असते आणि चुकीचे पुस्तक माथी मारले गेले तर पुन्हा त्या दुकानात पाय ठेवत नाही.

अशा वेळी विक्रेत्याला परीक्षेचे बदल माहीत असणे भाग आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी प्रश्नांच्या आधारे मुख्य परीक्षेसाठी काढलेले जाडजूड प्रश्नसंच एका निर्णयासरशी निरुपयोगी झाले आणि ज्यांनी वेळीच खरेदी थांबविली नाही त्यांच्या कपाटात ते पडून राहिले. पूर्व परीक्षा मात्र बहुपर्यायीच आहे. हा फरक ज्याला ठाऊक आहे, तो विक्रेता मुलाचे पाच-सातशे रुपये वाचवू शकतो. शालेय अभ्यासक्रमाचेही तसेच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ मध्ये पहिलीची पुस्तके बदलली आणि पुढील इयत्तांचा बदल टप्प्याटप्प्याने होत आहे. ज्या इयत्तेचा अभ्यासक्रम बदलणार आहे तिच्या गाईडचा साठा मार्चनंतर वाढवू नये, हे सूत्र कोणत्याही अभ्यासक्रमात शिकविले जात नाही. ते बाजारातच शिकावे लागते.

पुस्तकाची आवृत्ती ओळखण्यासाठी मलपृष्ठावरील आयएसबीएन क्रमांक वाचता आला पाहिजे. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. त्यातील ९७८ नंतर ८१ किंवा ९३ आले की ते भारतातील प्रकाशन समजावे. पुढचे अंक प्रकाशकाचे आणि त्या पुस्तकाचे. शेवटचा अंक ताळा पाहण्यासाठी असतो. मागणी पाठविताना पुस्तकाच्या नावासोबत हा क्रमांक दिला तर ‘तेच नाव, पण जुनी आवृत्ती’ हा नेहमीचा घोळ टळतो.

याच क्षेत्रात बनावट प्रतींचा सुळसुळाट आहे. धूसर छपाई, सैल बांधणी, एका बाजूला कललेली पाने आणि न मागता मिळणारी पन्नास टक्के सूट ही त्याची लक्षणे. असा माल पक्क्या पावतीशिवाय येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. छापा पडतो तेव्हा दुकानात मालक असतोच असे नाही, काउंटरवर पगारी मुलगा असतो. ‘मी तर फक्त विकत होतो’ हे सांगत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्यापेक्षा पावती नसलेला गठ्ठा उतरवून घेण्यास नकार देणे बरे. नोकरी टिकविण्याची गरज असलेल्या तरुणाला हा नकार सोपा नसतो, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे.

ग्रंथालये आणि टपाल

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार राज्यात शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्यांची संख्या बारा हजारांच्या घरात आहे आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना अनुदान मिळते. अनुदानाचा हप्ता आला की पुस्तकखरेदी होते, त्यामुळे आर्थिक वर्षाच्या अखेरीस एकच धावपळ उडते. या खरेदीत पुरवठादार म्हणून उतरायचे तर निवडक यादी, अचूक बिल आणि वेळेवर पुरवठा या तीनही गोष्टी लागतात. यादी करताना गावाचा विचार करणारा पुरवठादार दुर्मीळच. कळमनुरीच्या आदिवासी पट्ट्यातील ग्रंथालय, वसमतचे हळद उत्पादकांच्या गावचे ग्रंथालय आणि हिंगोली शहरातील उर्दू वाचकांची गरज या तीन वेगळ्या याद्या होतात. प्रत्यक्षात तिन्हीकडे जुन्या कादंबऱ्यांचा एकच गठ्ठा पोहोचतो.

टपालाची बाजूही बदलली आहे. स्वस्तात पुस्तके पाठविण्यासाठी छोटे प्रकाशक आणि विक्रेते ज्या नोंदणीकृत बुक पोस्टवर अवलंबून होते, ती सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. त्यावर नाराजी उमटली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असे तिचे दर ठरले. पार्सल भूपृष्ठ मार्गाने जाते आणि त्याचा माग काढता येतो. नियतकालिके व जाहिराती असलेली प्रकाशने तीत बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंकांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. मात्र सेनगाव तालुक्यातील एखाद्या शिक्षकाला हवे असलेले एक पुस्तक खासगी कुरिअरपेक्षा कमी खर्चात पोहोचविण्याची सोय हिंगोलीच्या दुकानाला यातून मिळते. मोबाइलवर नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे पाठवायची, मागणी आणि पैसे तेथेच घ्यायचे आणि पुस्तक टपालाने रवाना करायचे. हे काम दुकानातील विशीतला मुलगा मालकापेक्षा चांगले करू शकतो. त्याने ते मागून घ्यावे.

जगात काय घडले

ब्रिटनमधील ‘वॉटरस्टोन्स’ ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी डबघाईला आली असताना २०११ मध्ये जेम्स डॉन्ट यांच्याकडे तिची सूत्रे आली. ते स्वतः लंडनमधील एका स्वतंत्र पुस्तक दुकानाचे मालक. प्रकाशकांकडून पैसे घेऊन त्यांची पुस्तके दर्शनी भागात मांडण्याची प्रथा त्यांनी बंद केली. कोणते पुस्तक पुढे ठेवायचे, हे त्या त्या गावच्या दुकानातील कर्मचाऱ्यांनी ठरवावे, असा दंडक घातला. प्रकाशकांकडे परत जाणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण पुष्कळ घटले आणि साखळी सावरली. २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘बार्न्स अँड नोबल’ची धुराही त्यांच्याकडे आली. जर्मनीत तर पुस्तकविक्रेता हा रीतसर प्रशिक्षणाचा व्यवसाय आहे. दुकानात काम आणि व्यवसाय शाळेत शिक्षण असा साधारणतः तीन वर्षांचा हा क्रम असतो.

आपल्याकडे तशी शाळा नाही. आपल्याकडची उदाहरणे व्यक्तींची आहेत. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका छोट्या जागेत पुस्तके विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणारा विक्रेता म्हणून त्यांची ख्याती झाली आणि २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ मध्ये बंद पडले, हेही येथेच नोंदविले पाहिजे. गिरगावातील ‘मॅजेस्टिक’चे केशवराव कोठावळे पुस्तकविक्रीतून प्रकाशनाकडे वळले आणि १९६४ मध्ये त्यांनी ‘ललित’ हे ग्रंथविषयक मासिक सुरू केले.

पुढे काय शिकावे?

दुकानात दोन-तीन वर्षे काढलेल्या तरुणाला शिकण्याजोगे काही मार्ग उपलब्ध आहेत. दहावी उत्तीर्णांसाठी असलेला ग्रंथालय संचालनालयाचा ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा त्यातील सर्वांत जवळचा. पुस्तकांचे वर्गीकरण कळले की दुकानातील मांडणीही सुधारते आणि ग्रंथालयातील नोकरीचे दारही किलकिले होते. पदवीधरांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ मध्ये स्थापन झालेली केंद्राची संस्था प्रकाशन व्यवसायाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेते. डिसेंबर २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर सुरू झालेल्या पुस्तक महोत्सवातही या संस्थेचा पुढाकार आहे. मालकाने आपल्या एखाद्या कर्मचाऱ्याला तेथे दोन दिवस पाठविले, तर राज्यभरातील प्रकाशकांच्या प्रतिनिधींशी त्याची ओळख होईल. हेच प्रतिनिधीपद काउंटरवरील मुलासाठी पुढची पायरी ठरू शकते : चार जिल्हे फिरायचे, विक्रेत्यांकडून मागण्या घ्यायच्या, वसुली करायची. स्वतःचे दुकान काढायचे झाल्यास २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजार आणि ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. पुस्तकाच्या धंद्यात उधारी लांबते, हे लक्षात घेऊनच हप्ते ठरवावेत.

पगाराचा विषय मात्र टाळण्यात येतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील बहुतेक तरतुदी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना मुळातच लागू नव्हत्या आणि २०२५ मध्ये ही मर्यादा आणखी वर नेण्यात आली. जिल्ह्यातील पुस्तकांच्या दुकानात दहा माणसे असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही किमान वेतनाला दुकानाच्या आकाराची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ते सर्वच आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठी आहे. हंगामात बारा-बारा तास उभे राहणाऱ्या मुलाला आपल्या कामासाठीचा दर काय, हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारता येते. दुकानदारही अडचणीत आहेत, पन्नास रुपयांच्या त्या गणितात पगार बसविणे कठीण आहे, हे खरे. पण हंगाम संपताच अनुभवी मुलगा किराणा दुकानात निघून जातो आणि पुढच्या जूनमध्ये नव्याला पुन्हा पहिल्यापासून ‘बालभारती’ आणि ‘युवकभारती’ यांतील फरक समजावून सांगावा लागतो. तोही खर्चच आहे, फक्त तो खतावणीत दिसत नाही.

काही विक्रेत्यांनी यावर तोडगा म्हणून हंगामाबाहेरच्या प्रदर्शनांतील आणि ग्रंथालय पुरवठ्यातील विक्रीवर कर्मचाऱ्याला ठरावीक टक्केवारी द्यावी, असा विचार मांडला जातो. तो अमलात आणायचा तर हिशेब वेगळा ठेवावा लागेल आणि सुरुवात श्रावणाआधीच करावी लागेल. औंढ्याच्या यात्रेसाठी लागणाऱ्या पोथ्यांची मागणी आषाढातच नोंदवावी लागते.